मोतीलालजी गावाला जातात तेव्हा

मोतीलालजी टावरी सहकुटुंब गावाला गेले, की शेजारच्या वासुदेवराव उमाट्यांच्या घरचा नळ कोरडा पडे. आणि मोतीलालजी परत आले, की त्या नळाला पुन्हा पाणी येई.

वासुदेवरावांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत अशा सतरा नोंदी होत्या. रकाने पट्टीने आखलेले होते: दिनांक, टावरी कुटुंबाचे गंतव्य स्थान, मुक्कामाचे दिवस, नळाची स्थिती, शेरा. गिरड, तीन दिवस, कोरडा. हिंगणघाट, लग्नासाठी, दोन दिवस, कोरडा. पुन्हा गिरड, तीन दिवस, कोरडा. शेऱ्याच्या रकान्यात सतराही वेळा एकच शब्द होता, 'योगायोग'. अकराव्या नोंदीपासून तो जरा दाबून लिहिलेला दिसत होता.

वर्ध्याच्या एका महाविद्यालयात चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून वासुदेवराव निवृत्त झाले होते, आणि सिंदी मेघेत सत्त्याण्णव साली बांधलेल्या घरात पत्नी प्रमिलाबाईंसह राहत होते. निवृत्तीनंतर ते शाळाशाळांतून चमत्कारांवर व्याख्याने देत. तळहातावर कापूर जाळून दाखवत आणि मुलांना सांगत, की डोळ्यांनी पाहिले म्हणून लगेच विश्वास ठेवू नये. हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या घरात किती निष्ठेने पाळले, याचीच ही हकिकत आहे.

प्रमिलाबाईंचे मत वेगळे होते.

"मोतीलालजीचा पायगुण हाये," त्या म्हणत. "तो माणूस बाजूले असला की आपल्या घरी पाणी. गेला की ठणठण. तुमच्याच वहीत लिहून हाये ना."

यावर वासुदेवराव चष्मा काढत. चष्मा काढला, की व्याख्यान किमान दहा मिनिटांचे असे. "कापसाची खरेदी सुरू झाली, की तुझी बोटं आखडतात. दरवर्षी. म्हणून व्यापारी तुझी बोटं पाहून खरेदीला बसतात असं होत नाही. थंडी पडते, त्याच दिवसांत कापूस बाजारात येतो आणि त्याच दिवसांत सांधे आखडतात. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही."

"बरं. मंग पाण्याचं कारण काय?"

"योगायोग."

"सतरा वेळा?"

वासुदेवराव चष्मा लावत आणि वही मिटत.

मोतीलालजींचे किराणा दुकान होते आणि दुकानदाराची सावधगिरी त्यांच्या हाडात मुरली होती. गावाला निघण्याआधी ते गॅस पाहत, विजेचे मुख्य बटण पाहत, शटरचे कुलूप तीनदा ओढून पाहत, फाटकाजवळ वाकून काही खुडबुड करत, आणि शेवटी कंपाउंडच्या भिंतीवरून मान वर काढून सांगत, "सर, गिरडले जाऊन राह्यलो. तीन दिवस लागतीन. पाणी भरून ठेवजा."

"या सुखरूप," वासुदेवराव म्हणत.

'पाणी भरून ठेवजा' या वाक्याची त्यांनी 'काळजी घ्या', 'येत जा', 'आपलंच दुकान समजा' याच वर्गात गणना केली होती: ऐकायला गोड, आशयाने शून्य. दुकानदार माणसे अशी बोलतात. पाणी त्यांनी एकदाही भरून ठेवले नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत टावरी कुटुंब गिरडला जाऊन आले आणि वहीत अठरावी नोंद करण्याची वेळ आली. 'योगायोग' लिहिण्यासाठी वासुदेवरावांनी पेन उचलले, 'यो' लिहिला आणि ते थांबले. अठरा वेळा घडणाऱ्या गोष्टीला योगायोग म्हणणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने अब्रूचे नव्हते. पायगुणाला शरण जाणे त्याहून अब्रूचे नव्हते. तेव्हा तिसरी वाट शोधणे भाग होते, आणि ती त्यांना चहा निवण्याच्या आत सापडली. माणूस बाहेरगावी जातो तेव्हा घरी आल्यावर टाकी भरलेली असावी असे त्याला वाटते. म्हणून तो नळाच्या पाइपलाच मोटार जोडतो आणि ती आपोआप सुरू होईल अशी सोय करून जातो. मोटार गल्लीतले सगळे पाणी ओढून घेते. शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो.

यात देव नव्हता, पाय नव्हता, यंत्रणा होती. वासुदेवराव प्रसन्न झाले. अठ्ठावीस वर्षे शेजारी असलेल्या माणसावर आपण मनातल्या मनात चोरीचा आळ घेतला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही, कारण त्यांनी त्याला 'गृहीतक' असे नाव दिले होते.

सोमवारी ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले. अर्ज अडीच पानी होता, सोबत आलेख होता, आणि पहिल्याच परिच्छेदात 'द्रवगतिकीय असमतोल' असा शब्दप्रयोग होता. खिडकीमागे सपना नावाच्या लिपिक बाई होत्या. त्यांनी आलेख आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, आणि संगणकात नाव घातले.

"सर, तुमचं नाव चालू कनेक्शनच्या यादीत नाही दाखवत."

"नीट पाहा."

"पाहूनच राह्यली. 'मंजूर, जोडणी बाकी' या यादीत हाये. सत्त्याण्णवपासून."

"मी सत्त्याण्णवपासून पाणी पितो आहे."

"असंन सर. पण इथं जोडणी बाकी हाये."

वासुदेवरावांनी तिथल्या बाकावर बसून दुसरा अर्ज लिहिला. त्यात कार्यालयीन नोंदी आणि वास्तव यांतील तफावतीकडे लक्ष वेधले होते, आणि शेवटी 'नोंद चुकू शकते, पाणी चुकत नाही' असे एक वाक्य होते, जे त्यांना स्वतःला फार आवडले. सपनाबाईंनी दोन्ही अर्जांवर शिक्का मारला आणि सांगितले, की शनिवारी पाहणी होईल. पाइपवर मोटार सापडली तर कनेक्शन जागेवरच कापले जाईल. आणि पाहणीच्या वेळी तक्रारदाराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून बघतात, तेव्हा तो चालता असला पाहिजे.

"चालता म्हणजे?"

"फिरवला की फिरला पाहिजे, सर."

बुधवारी सकाळी मोतीलालजी दोन कागद घेऊन आले. पहिला गुलाबी होता. त्यांच्या मुलीचे, काजलचे, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी घरीच होते. दीडशे माणसे येणार होती, स्वयंपाक मागच्या अंगणात होणार होता, आणि मोतीलालजींची इच्छा होती, की काजलला अकरावीत शिकवणाऱ्या सरांनी त्या प्रसंगी दोन शब्द बोलावेत.

दुसरा कागद पिवळा होता.

"सर, कोणीतरी अर्ज देल्ला आमच्या नावानं. मोटार लावून पाणी ओढतो म्हणून," मोतीलालजी म्हणाले. "शनिवारी पाहाले येऊन राह्यले. बाकी काही नाही, पण पाणी कापलं तं रविवारी पाव्हण्याइले काय पाजू. तुम्ही एखादं उत्तर लिहून द्या ना. तुमच्यासारखं कायदेशीर आम्हाले जमत नाही."

वासुदेवरावांनी त्या क्षणी सांगायला हवे होते. ते पुढे अनेकदा स्वतःला हेच विचारत, की त्या क्षणी जीभ कुठे गेली होती. जीभ जागेवरच होती. तिने 'बसा' असे म्हटले. मग हाताने कागद ओढला, आणि वासुदेवराव उमाटे यांनी वासुदेवराव उमाटे यांच्या अर्जाला उत्तर लिहिले. लिहिताना त्यांच्यातला परीक्षक जागा झाला. अर्जदाराने मोटार प्रत्यक्ष पाहिली आहे काय? पाणी न येण्याची इतर कारणे तपासली आहेत काय? नमुना पुरेसा आहे काय? उत्तर इतके चोख उतरले, की त्यापुढे मूळ अर्ज एखाद्या उत्साही पण कच्च्या विद्यार्थ्याचा वाटावा. मोतीलालजींनी ते वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "उपकार झाले सर." दारातून प्रमिलाबाई हे सगळे पाहत होत्या. मोतीलालजी गेल्यावर त्यांनी चहाची कपबशी उचलताना जरा जास्त आवाज केला.

सत्य निमंत्रणावर अवलंबून नसते, अशी वासुदेवरावांनी स्वतःची समजूत घातली. मोटार असेल तर सापडेल, नसेल तर मोतीलालजी निर्दोष ठरतील. आपले काम एवढेच, की आपला व्हॉल्व्ह फिरता करून ठेवणे. संध्याकाळी त्यांनी फाटकाजवळच्या खड्ड्यावरचे सिमेंटचे झाकण सरकवले. आत कोळ्याची जाळी होती, नातवाची हरवलेली गोटी होती, आणि तळाशी एक पितळी व्हॉल्व्ह होता, ज्याचे लोखंडी चाक गंजून विटकरी झाले होते. अठ्ठावीस वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. वासुदेवरावांनी लावला. चाक हलले नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूला फिरवून पाहिले. ते तिकडेही हलले नाही. निदान त्याच्यात सुसंगती होती.

गुरुवारी सकाळी ते घासलेट, ब्रश आणि पाना घेऊन खड्ड्याशी बसले. सिंदी मेघेत फाटकाशी वाकून बसलेल्या निवृत्त प्राध्यापकाला एकांत मिळत नाही. सावंगीच्या दवाखान्यात कामाला जाणाऱ्या एकाने स्कूटर थांबवून सांगितले, की हातोडीचे दोन घाव घाला. दूधवाल्याने सांगितले, की हात लावू नका, जुन्या वॉलला छेडले की तो सूड घेतो. समोरच्या आनंदाबाई, ज्यांचे आयुष्य शेतीत गेले होते आणि आता गल्लीच्या देखरेखीत जात होते, खुर्ची घेऊनच आल्या.

"जवसाचं तेल टाका सर. आमच्या बैलबंडीच्या आसाले तेच लावत."

वासुदेवरावांनी चष्मा काढला. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. रंगारी ते त्याच गुणासाठी वापरतात. वंगण आणि रोगण या परस्परविरोधी वस्तू आहेत. आणि बंडीचा आस रोज फिरत असल्यामुळे तेथील अनुभव स्थिर व्हॉल्व्हला लागू करणे हा तर्कदोष आहे. वीस मिनिटे झाली. आनंदाबाईंनी मन लावून ऐकले.

"असंन जी," त्या म्हणाल्या. "मी तं काल सांजच्यालेच वाटीभर ओतून ठेवलं. झाकण उघडं दिसलं म्हणून."

चाकाच्या बुडाशी चिकट, पिवळसर थर दिसत होता. वासुदेवरावांनी तो ब्रशने काढायचा प्रयत्न केला. ब्रशचे केस तिथेच राहिले.

मग घासलेट झाले, उकळते पाणी झाले, पुन्हा घासलेट झाले. अकरा वाजता वासुदेवरावांनी मूलतत्त्वांकडे जायचे ठरवले. बळ गुणिले अंतर. माणसाचे बळ वयाप्रमाणे घटते, पण अंतर वाढवणे कोणाच्याही हातात असते. त्यांनी पान्याच्या दांड्यावर दोन फुटी पाइप चढवला, पाय रोवले, आणि श्वास सोडत दाबले. खड्ड्यातून 'टक्' असा बारीक आवाज आला. एवढ्या मोठ्या प्रयत्नाच्या मानाने तो फारच माफक होता. वासुदेवराव मागे जाऊन मेंदीच्या कुंपणात बसले. चाक, दांडीच्या तुटक्या टोकासह, त्यांच्या मांडीवर होते.

"निघाला का?" आनंदाबाईंनी विचारले.

"निघाला."

"बंद झाला का?"

तो वेगळा प्रश्न होता.

त्या दुपारी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून नवा व्हॉल्व्ह आणला. दुकानदाराने 'अर्धा का पाऊण इंच' असे मोघम विचारले, तेव्हा त्यांना वाईट वाटले. त्यांनी व्हर्नियर कॅलिपरने पाइपचा व्यास तीन ठिकाणी मोजून सरासरी काढलेली होती. कागद पुढे केला. दुकानदाराने कागदावरून नजर वर केली आणि मोठा व्हॉल्व्ह काढून दिला.

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला अंकुश प्लंबर आला. चाळिशीकडे झुकलेला, बोलका.

"ओळखलं का सर? अकरावी ब. तुम्ही मले फिजिक्समध्ये दोन मार्कांनं पाडलं होतं."

"तू दोन गुणांनी पडला होतास," वासुदेवराव म्हणाले. "मी पाडलं नव्हतं."

"तेच ते जी," अंकुश म्हणाला आणि खड्ड्यात उतरला.

नळाला पाणी सातला येई. तोवर जुना व्हॉल्व्ह कापून नवा बसवायचा असा बेत होता. वासुदेवरावांनी आदल्या दिवशीच गच्चीवरची टाकी पूर्ण रिकामी करून ठेवली होती, म्हणजे घरातून उलटे पाणी येण्याचा प्रश्न उरू नये; प्रयोगात बदलणारी गोष्ट एकच असावी. साडेसहाला अंकुशने करवतीने पाइप कापला. जुना व्हॉल्व्ह बाहेर आला. खड्ड्यात वीतभर अंतरावर पाइपची दोन टोके समोरासमोर राहिली, एक रस्त्याकडचे, एक घराकडचे. अंकुशने नवा व्हॉल्व्ह त्यांच्यामध्ये धरला. तो पाइपवर बांगडीसारखा फिरला.

"हा कोणी मोजला?"

"मी. बाहेरचा व्यास, कॅलिपरने."

अंकुशने व्हॉल्व्ह काढून काठावर ठेवला. "सर," तो हळूच म्हणाला, "पाइप आतून मोजतात."

तो मोटारसायकलवर दुसरा व्हॉल्व्ह आणायला गेला. दुकान उघडलेले नव्हते, दुकानदाराला उठवावे लागले, आणि तो परत येईपर्यंत सात वाजून गेले. वासुदेवराव खड्ड्यात उतरून, घराकडे पाठ करून, रस्त्याकडच्या टोकाखाली बादली धरून होते. आनंदाबाईंची खुर्ची जागेवर होती. प्रमिलाबाई दारात होत्या.

पाणी आले. आधी हवेचा फुत्कार, मग गढूळ पिचकारी, मग चांगली धार. ती वासुदेवरावांच्या पाठीवर आली.

ते वळले. रस्त्याकडचे टोक त्यांच्या बादलीवर कोरडे ठाक होते. पाणी घराकडच्या टोकातून येत होते.

"अरे, टाकी," वासुदेवराव म्हणाले.

"टाकी तं तुम्ही काल रिकामी केली," दारातून प्रमिलाबाई म्हणाल्या.

परत आलेल्या अंकुशने रस्त्याकडच्या टोकात तार घातली. हातभर आत गेल्यावर ती अडली. त्याने ओढली, तेव्हा ओलसर मातीचा गोळा आणि मेंदीचे एक चिवट मूळ बाहेर आले. त्याने ते मूळ हातात धरून निरखले.

"सर, हा पाइप कोठीच जात नाही. आणि पाणी तुमच्या घरातून बाहेर येऊन राह्यलं."

"हे शक्य नाही."

"शक्य नाही ते बरोबर हाये," अंकुश म्हणाला, "पण येऊन राह्यलं."

डोळ्यांनी पाहिले म्हणून विश्वास ठेवू नये, हे वासुदेवरावांना आठवले. पण पाणी धोतराच्या सोग्यातून चपलेत उतरत होते, आणि चपलेत उतरलेल्या पाण्याशी वाद घालण्याची सोय पदार्थविज्ञानात नाही. इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"थांब बे अंकुश, मी बंद करतो."

मोतीलालजी बनियनवरच फाटकाकडे गेले, वाकले, आणि गावाला जाताना करत तीच खुडबुड त्यांनी केली. उमाट्यांच्या खड्ड्यातली धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली.

आनंदाबाई खुर्चीवरून उठून खड्ड्यात डोकावल्या.

मोतीलालजींनी भिंतीवरून मान काढली. "आमच्या हौदाचा बॉल खराब हाये सर. वॉल उघडा ठेवून गावाले गेलो तं हौद भरून गोदामात पाणी घुसते. म्हणून बंद करून जातो. म्हणून तं तुम्हाले सांगून जातो ना दर वेळेस, पाणी भरून ठेवजा म्हणून."

"पण माझ्या घराचा पाइप..." वासुदेवराव म्हणाले.

"आमच्याच लाइनीवर हाये ना जी. तुमच्या वास्तूच्या वेळचा. तुमचं कनेक्शन आलं नव्हतं, आमचे बाबूजी म्हणे, गृहप्रवेशाले पाणी नको का, आमच्याकडून घे. नकाशा तुम्हीच काढून देल्ला होता." मोतीलालजी खरेच गोंधळलेले दिसत होते. "तुम्हाले माहीत नव्हतं?"

माहीत होते. आठवत नव्हते, ही गोष्ट वेगळी, आणि त्या वेगळेपणाने काही सुटत नव्हते.

प्रमिलाबाई आत गेल्या. माळ्यावरची 'घरबांधणी' लिहिलेली फाइल घेऊन आल्या आणि ती नवऱ्याच्या ओल्या हातात दिली. फाइलमध्ये दोन कागद एकाखाली एक होते. पहिला पेन्सिलने काढलेला नकाशा, प्रमाण एकास पन्नास, कंपाउंडच्या भिंतीखालून जाणारी तुटक रेघ, बाण, आणि रेखीव अक्षरात टीप: 'तात्पुरती जोडणी. आठ दिवसांत काढणे. वा. उ.' दुसरे पाणीपुरवठ्याचे पत्र होते. कनेक्शन मंजूर झाले असून आवारातील पाइप टाकून झाला आहे, रस्त्यावरील जोडणीसाठी अर्जदाराने तारीख ठरवून उपस्थित राहावे. त्या पत्राच्या कोपऱ्यात त्याच रेखीव अक्षरात एकच शब्द होता: 'नंतर'.

घरात पाणी येत होते. ते कोठून येते, आणि त्याचे बिल का येत नाही, हे विचारण्याची गरज अठ्ठावीस वर्षांत पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला पडली नाही. ते न येण्याचा मात्र त्याने अभ्यास केला.

"मोतीलालजी," वासुदेवराव म्हणाले. ते अजून खड्ड्यातच उभे होते, त्यामुळे भिंतीवरचे मोतीलालजी त्यांच्यापेक्षा बरेच उंच दिसत होते. "तो अर्ज मी दिला."

"माहीत हाये सर."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नोटिसीत लिहून होतं ना, द्रव... ते काय, द्रवगतिकीय. सिंदी मेघेत दुसरं कोण लिहीन तसं."

"मग उत्तर माझ्याकडून का लिहून घेतलं?"

मोतीलालजींनी विचार केला. टोमणा शोधत आहेत असे नव्हे, खरे उत्तर शोधत होते. "तुमच्याइतकं चांगलं कोण लिहून देते," ते म्हणाले. "आणि म्हटलं, लिहितांना तुमच्याच ध्यानात येईन."

वासुदेवरावांनी मान खाली घातली. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो मुलांना फळ्यासमोर उभे करून 'कुठे चुकलं ते तूच शोध' असे सांगितले होते. त्या मुलांना कसे वाटत असेल याचा अंदाज त्यांना आज प्रथमच आला.

"मले माफ करा," ते म्हणाले. चाळीस वर्षे प्रमाण भाषेत बोललेल्या माणसाच्या तोंडून ते तसेच बाहेर पडले, आईच्या बोलीत.

"राहू द्या जी," मोतीलालजी म्हणाले. "रविवारी या म्हणजे झालं. दोन शब्द बोलाचे हाये तुम्हाले."

"उद्या पाहणी झाली तर तुमचं कनेक्शन कापतील. मोटार नसली तरी. शेजाऱ्याला पाणी देता म्हणून."

हे मोतीलालजींच्या ध्यानात आले नव्हते. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पडला. मागच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेले दिसत होते.

"अंकुश," वासुदेवराव म्हणाले, "भिंतीखालची जोडणी आत्ता काप. टोपण लावून बंद कर."

"मंग तुमच्या घरी पाणी?"

"नाही."

"किती दिवस?"

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी मला तारीख ठरवायला सांगितली होती. आता विचारतो, कधीची देतात."

नऊ वाजता जोडणी कापून झाली. मोतीलालजींच्या पत्नीने भिंतीवरून दोन हंडे पाणी दिले. ते प्रमिलाबाईंनी घेतले आणि नवऱ्याकडे न पाहता आत नेले. आनंदाबाईंनी खुर्ची उचलली. जाता जाता, काही तरी दिलासा द्यावा म्हणून, म्हणाल्या, "तेलाचा काही दोष नव्हता ना सर?"

"नाही," वासुदेवराव म्हणाले. "तेलाचा नव्हता."

साडेदहाला ते कार्यालयाच्या खिडकीशी उभे होते. हातात फाइल होती, चपला अजून ओल्या होत्या. सपनाबाईंनी त्यांना ओळखले आणि सावधपणे संगणक स्वतःकडे वळवून घेतला.

"तुमची यादी बरोबर आहे," वासुदेवराव म्हणाले. "माझी जोडणी बाकी आहे. सत्त्याण्णवपासून. दुसरा अर्ज मी परत घेतो. पहिलाही."

बाईंनी खणातून छापील नमुना काढला. नाव, पत्ता, अर्जाचा क्रमांक, आणि खाली तीन ओळींची मोकळी जागा: 'तक्रार मागे घेण्याचे कारण (थोडक्यात)'.

वासुदेवराव पेन हातात धरून त्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले. मागे रांगेत माणसे होती. सपनाबाईंना ते पाहवेना.

"सर, सगळे 'गैरसमज' लिहितात तिथं. तेवढं चालते. आम्ही पाहणी रद्द करून टाकतो."

'गैरसमज' हा शब्द चांगला होता. तो लहान होता, त्यात कोणाचेच नाव नव्हते, आणि वहीतल्या सतरा 'योगायोगां'च्या शेजारी तो शोभून दिसला असता.

"नाही," वासुदेवराव म्हणाले. "कारण माहीत आहे."

त्यांनी चष्मा पुसला. मग रेखीव अक्षरात, ओळींच्या बाहेर समासात जात, लिहिले:

'शेजारी बाहेरगावी जाताना स्वतःचा व्हॉल्व्ह बंद करतात, म्हणून माझ्या नळाला पाणी येत नाही. माझा नळ त्यांच्या पाइपला जोडलेला होता. ती जोडणी मी १९९७ साली, माझ्याच नकाशाप्रमाणे, आठ दिवसांसाठी करून घेतली आणि काढली नाही. माझे मंजूर कनेक्शन जोडून घेतले नाही. शेजाऱ्यांकडे मोटार नाही व त्यांचा कोणताही दोष नाही. जोडणी आज सकाळी कापली आहे. यातला एकेक भाग माझी पत्नी, माझे शेजारी आणि हे कार्यालय यांनी मला आधीच सांगितला होता. मी ऐकला नाही.'